खालच्या रानाची पिशवी

म्हातारीच्या घरातल्या बियाण्याला कधी कीड लागत नसे. ती स्वतः हे कुणाला सांगत नसे, कारण सांगायला सगळं गाव होतं. कुणाच्या घेवड्याला भुंगे लागले, कुणाच्या मक्याचं पीठ झालं की बाई आपली तडक म्हातारीच्या दारात. म्हातारी मग चुलीतली राख चाळायची, पिठासारखी मऊ करायची, आणि बियाण्याला अशी हलक्या हाताने चोळायची की बघणाऱ्याला वाटावं, लेकराला न्हाऊ घालतेय. वर फडकं बांधायचं, फळीवर ठेवायचं, की वर्षभर बघायला नको. शिकवताना ती एकच गोष्ट सांगायची, "जे ठेवायचं असेल त्याला राख लावायची." चाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि गावातल्या बायका निमूट ऐकत आल्या होत्या.

घरात तिच्याशिवाय दोनच माणसं. एक तिचा नवरा, ज्याची कंबर गेली होती पण जीभ शाबूत होती. दुसरी सून. मुलगा टेम्पोवर होता, पंधरा-पंधरा दिवसांनी यायचा, आंघोळ करून झोपायचा आणि उठला की पुन्हा जायचा. म्हणजे शेत खरं तर सुनेच्याच हातात होतं. म्हातारा बांधावर बसून हुकूम सोडायचा आणि सून त्यातले निम्मे ऐकायची.

ओढ्याकाठच्या खालच्या रानात तीन वर्षं मका नीट येत नव्हता. गुडघ्याएवढा झाला की पिवळा पडायचा, पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे उठायचे. कणसं धरायची, पण सोलून बघावं तर एक दाणा आणि दोन फटी. सून म्हणायची, कणसं बाबांच्या तोंडासारखी आलीत. हे ती अर्थातच त्यांच्या माघारी म्हणायची, आणि म्हातारी तोंड फिरवून हसायची.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते राहिलं नव्हतं. वरच्या अंगाला विटांची भट्टी होती. भट्टीवाला एक दिवस सहज आल्यासारखा आला, रानातलं ढेकूळ उचललं, थुंकी लावून बोटांत मळलं.

"काका, माती चिकट आहे," तो म्हणाला. "विटेला झकास. पिकाला कशाला छळता तिला? दोन हात खोल उचलतो, खड्डा राहिला तर राहिला, पाणी साठेल. तुमच्या कंबरेलाही आराम."

कंबरेचं नाव काढल्यावर म्हातारा विरघळला. त्या दिवसापासून त्याने एकच धरलं, की ते रान मेलंय.

म्हातारीला हे ऐकवत नव्हतं. ती या घरात आली तेव्हा त्या रानात मातीपेक्षा दगड जास्त होते. दोघांनी दोन वर्षं ते वेचले होते, ती टोपलीत भरून द्यायची आणि तो रचायचा. ओढ्यातून छातीएवढा आणि रानातून गुडघ्याएवढा दिसणारा तो बांध सगळा त्याच दगडांचा होता. पण रान नवऱ्याच्या नावावर, आणि कंबरही नवऱ्याचीच दुखत होती. ती काय बोलणार होती?

बोलली ती सून. "बाबा, एकदा माती तपासून तरी घेऊ."

"मातीत काय तपासायचं? माती असते."

"मातीवाली येते ना बुधवारी शाळेत. फुकट करून देतात. काय कमी, काय जास्त, सगळं कागदावर येतं."

मातीवाली म्हणजे शेतकी खात्याची कृषी सहायक. पोरगेलीशी बाई, स्कूटरवर यायची, आणि स्कूटर सदा चिखलाने माखलेली. गावात कुणाशीही बोलताना तिचं पहिलं वाक्य "तुमची माती तपासली का?" हेच असायचं, म्हणून हे नाव पडलं होतं आणि तिनेही ते हसून घेतलं होतं.

म्हाताऱ्याने बराच वेळ कान कोरला. मग म्हणाला, "कर तपासणी. कागद बरा आला तर रान राहील. वाईट आला तर मी भट्टीवाल्याला हो म्हणणार. मग पुन्हा या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही."

सून कबूल झाली. म्हातारीला कुणी विचारलं नाही, पण मनातल्या मनात तीही कबूल झाली.

मातीवाली स्वतः रानात आली. तिने सुनेच्या हातात कुदळ दिली आणि आपण मागून चालत राहिली. नागमोडी चालायचं, दहा ठिकाणी थांबायचं, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा. वीतभर खड्डा, मग त्याच्या कडेचा वरपासून खालपर्यंत पातळ काप. बांधाजवळचा नको, झाडाखालचा नको, जिथे शेणखताचा ढीग होता तिथला तर मुळीच नको. म्हातारी घमेलं घेऊन मागे मागे. दहा ठिकाणची माती घमेल्यात पडली, ढेकळं फुटली, खडे निघाले. मग सुनेने ती फडक्यावर पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, दोन ठेवले, पुन्हा चार भाग केले, पुन्हा दोन टाकले. शेवटी अर्धा किलोची एवढीशी ढिगली उरली.

"एवढ्यावरून सगळं रान कळतं?" म्हातारीने विचारलं.

"शितावरून कळतं तसंच आजी," मातीवाली म्हणाली. "फक्त शीत नीट काढायला हवं. आता ही सावलीत वाळवा. उन्हात नाही. खताच्या गोणीत ठेवू नका, औषधाच्या डब्याजवळ ठेवू नका. स्वच्छ कापडी पिशवीत घाला, वर नाव लिहा. पुढच्या बुधवारी मी घेऊन जाते."

सुनेने नवीन कापडाची पिशवी शिवली. माती वाळली, पिशवीत गेली, पिशवी म्हातारीच्या फळीवर बियाण्यांच्या मडक्यांशेजारी बसली. तिथे घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या वस्तू बसायच्या.

मंगळवारी दुपारी म्हातारी फळी पुसत होती. पिशवी हलवताना तोंड जरा सैल झालं, म्हणून तिने आत डोकावलं, तर मातीतून एक तांबूस किडा शांतपणे वर येत होता. त्याच्यामागून आणखी एक.

म्हातारीने चटकन पिशवी खाली घेतली. तिच्या फळीवर कीड. तिच्या घरातून जिन्नस बाहेर जाणार, तोही सरकारी टेबलावर, शिकलेली माणसं पिशवी उघडणार आणि आत किडे वळवळणार. शिवाय किड्यांनी आतल्या आत काय खाल्लं असेल, काय टाकलं असेल, आणि मग कागद काय म्हणेल? सून रानात होती, म्हातारा घोरत होता. म्हातारीने राख चाळली, चांगल्या दोन मुठी, आणि माती परातीत ओतून हलक्या हाताने चोळली. किडे वेचून बाहेर टाकले. माती मुळातच काळसर करडी, तिच्यात राख कुठे गेली ते कळलंही नाही. पिशवीचं तोंड घट्ट बांधून तिने ती जागेवर ठेवली आणि हात झटकले. कुणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? मडकी तरी ती कुणाला विचारून भरायची?

कागद तीन आठवड्यांनी आला. मातीवाली तो घेऊन घरी आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला होता. म्हातारा खाटेवर, सून उंबऱ्याशी, म्हातारी अंगणात भांडी घासत, अशी सगळी जिथल्या तिथे होती.

"सामू, म्हणजे पीएच, साडेनऊ आलाय," मातीवाली म्हणाली. "म्हणजे माती फार चोपण, खारवट झालीये. अशा मातीत अन्न असलं तरी मुळांना घेता येत नाही."

"म्हणजे मेली," म्हातारा म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता, पण हरल्याचंही काही नव्हतं.

"मेली असं नाही म्हणणार मी. पण वाईट आहे, बाबा." तिने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "एक मात्र कळत नाही. पालाश इतका? एवढा आकडा मी अजून कुठल्याच शेताचा पाहिला नाही. वहिनी, उकिरड्याजवळची तर नाही ना आली माती? की कुणी तिथे धाटं जाळली होती?"

"नाही हो ताई. तुमच्यासमोरच घेतली की."

"मग वाळवताना काही?"

"सावलीत वाळवली. खोलीत. मी स्वतः."

"हिला सगळ्याची घाई," म्हातारा मधेच म्हणाला. "केलं असेल काहीतरी. जाऊ दे, कागद आला ना? ठरलं होतं ते ठरलं होतं."

सुनेचे कान लाल झाले. तिने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने उंबरा टोकरत राहिली. बाहेरच्या माणसासमोर तिला असं कधी कुणी बोललं नव्हतं.

म्हातारी अंगणातून म्हणाली, "बाई, हा पालाश का काय, तो येतो कुठून?"

"खतातून येतो, शेणातून येतो. आणि सगळ्यात जास्त असतो तो राखेत, आजी. राखेने सामूसुद्धा चढतो."

म्हातारीचा हात थांबला. हातात कढई होती, आणि कढईला चोपडलेली राख मनगटापर्यंत आली होती. तिने ती पाण्यात बुडवली. तोंडाशी आलेलं वाक्य आत परत गेलं आणि तिथेच बसून राहिलं.

मातीवाली गेली. म्हाताऱ्याने भट्टीवाल्याला फोन लावला, तो सकाळी येतो म्हणाला. संध्याकाळी सून ताटावर बसली पण तिने घास उचलला नाही.

"मी नीट घेतली होती, आई," ती म्हणाली. "दहाच्या दहा खड्डे मी मोजले होते."

"जेव," म्हातारी म्हणाली. तिला एवढंच सुचलं.

तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं जी बाई गावाला बियाण्याची ठेवण शिकवते, तिनेच राख लावून रान मारलं, हे उद्या पाणवठ्यावर बोललं जाणार. बायका हसणार. आणि नवरा, त्याला तर मरेपर्यंत पुरेल एवढा विषय मिळणार. सुनेचं न जेवलेलं ताट तिने झाकून ठेवलं. स्वतःचंही तिला गेलं नाही.

सकाळी भट्टीवाला दोर आणि खुंट्या घेऊन आला. म्हातारा कंबरेवर हात ठेवून त्याच्यामागे, सून लांब उभी, म्हातारी तिच्याही मागे. एका कोपऱ्यात खुंटी ठोकली, दुसऱ्या कोपऱ्यात ठोकली. माणूस कामाचा होता, बोलता बोलता हात चालत होता. दोर घेऊन तो ओढ्याकडच्या बांधापाशी आला आणि त्याने वरच्या दगडावर पाय ठेवला.

"काका, हा आधी काढायला लागेल. गाडी यायला वाट नाही."

त्याने पायाने तो दगड ढकलला. दगड घरंगळून खाली गेला आणि ओढ्याच्या वाळूत रुतला.

"थांब," म्हातारी म्हणाली.

सगळ्यांनी मागे पाहिलं. म्हातारी बाहेरच्या माणसासमोर सहसा बोलत नसे.

"त्या मातीला राख लावलेली होती."

"कुठल्या मातीला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पिशवीतल्या."

"कुणी लावली?"

"मी."

"कशासाठी?"

"किडा निघाला होता."

 मग पहिला हसला भट्टीवाला, पोट धरून. म्हातारा हसला नाही. त्याने बायकोकडे नीट पाहिलं, जसं बऱ्याच वर्षांत पाहिलं नसेल.

"माती म्हणजे काय घेवडा आहे?"

"ठेवायची वस्तू होती. ठेवायच्या वस्तूला मी राख लावते." म्हातारी थांबली नाही. "हिने काही चुकवलेलं नाही. काल तुम्ही हिला बोललात, ते मी ऐकून घेतलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली."

सून होती तिथेच मटकन बसली. ती हसतेय की रडतेय ते कळेना, बहुतेक दोन्ही चाललं होतं.

म्हाताऱ्याने खाकरून घसा साफ केला. "खुंट्या काढ रे."

"काका, शब्द दिलाय तुम्ही."

"कागद वाईट आला तर, असा दिलाय. आलाय तो आमच्या चुलीचा कागद. रानाचा अजून यायचाय." मग कंबर धरून, एक पाय घसरत, तो ओढ्यात उतरू लागला. त्याचं काय चाललंय ते कुणाला कळायच्या आत त्याने वाळूतला तो दगड उचलला आणि वर धरला. म्हातारीने पुढे होऊन तो हातातून घेतला आणि जागेवर बसवला.

मातीवालीला सुनेने फोनवर सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "चूक माझी आहे, वहिनी. गोणीचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, राखेचं नाही सांगितलं. मला सुचलंच नाही."

दुसऱ्या खेपेला खड्डे म्हाताऱ्याने खणले. नको नको म्हणताना सहा खणले, उरलेले चार सुनेला दिले आणि मोठ्या मनाने दिल्यासारखे दिले. बांधावरच्या त्या सकाळपासून तो सुनेशी जरा जास्तच मऊ बोलत होता. माफी मागायची त्याची रीत हीच, आणि सुनेला ती ठाऊक होती. माती पुन्हा सावलीत पसरली. म्हातारी तिच्याजवळ बसून राहिली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिसऱ्या दिवशी एक तांबूस किडा वर आला. तिने त्याला कडेकडेने फिरू दिलं.

"फिर बाबा," ती म्हणाली. "तुझंच घर आहे."

या वेळी कागद आला तो मातीवालीने गाडीवरून उतरण्याआधीच हात उंच करून दाखवला.

"सामू चांगला आहे, साडेसात. पालाश जेवढा हवा तेवढा. आता ऐका. सेंद्रिय कर्ब कमी आहे, म्हणजे मातीच्या पोटात कुजलेलं काही उरलेलं नाही. आणि जस्त फार कमी. पानांवर पांढरे पट्टे येतात ना, ते त्याचेच. बाबा, रान आजारी नाही, उपाशी आहे."

"मग घालायचं काय?"

"शेणखत घाला. हंगामाआधी ताग पेरा आणि फुलावर आला की तसाच गाडून टाका. जस्ताची भुकटी लागेल ती थोडीशीच, किती ते मी लिहून देते. बाकीची खतं तुम्ही जेवढी टाकता तेवढी लागतच नाहीत."

"एवढंच?" म्हाताऱ्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. तीन वर्षं ज्याच्यापायी डोकं खपवलं ते इतकं साधं निघावं?

"एवढंच. पण पुरतं सावरायला दोन-तीन वर्षं लागतील."

म्हाताऱ्याने कंबरेवरून हात फिरवला, हिशेब केल्यासारखं आढ्याकडे पाहिलं. "तीन वर्षं तर मी आहे," तो म्हणाला.

"असालच की," म्हातारी म्हणाली. "तुम्हाला राख लावून ठेवते."

म्हातारा खो खो हसला आणि मग कंबर धरून बसला. सून आत पळाली, तिलाही हसू आवरत नव्हतं. म्हातारीला कित्येक दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

पुढच्या हंगामाआधी शाळेच्या व्हरांड्यात मातीवालीने सगळ्या गावाला बोलावलं. खालच्या रानात ताग गाडलेला सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे या वेळी टेबलावर तीसेक पिशव्या जमल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे. मातीवालीने छापील पत्रकं वाटली आणि वाचायला लागली. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, गोणीत नको, उन्हात नको. शेवटची ओळ छापलेली नव्हती, प्रत्येक कागदावर पेनाने लिहिलेली होती.

"नमुन्याला राख लावू नये," तिने वाचलं.

व्हरांडाभर हशा पिकला. पुढचा कुणीतरी म्हणाला, "बाई, आम्ही शेतकरी आहोत हो. मातीला राख कोण लावेल?"

मातीवाली कागदातच बघत राहिली. तिने मागे पाहिलं नाही, नाव घेतलं नाही. घेणारही नव्हती. म्हातारीला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच तिला बसवेना. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"मी लावली होती," ती म्हणाली. "किडा दिसला म्हणून. त्यापायी रान भट्टीत जात होतं."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. चाळीस वर्षं जिच्याकडून सगळ्या घरांनी ठेवण शिकली ती बाई उभी होती, आणि पुढच्या पुरुषांना कुठे बघावं ते कळेना. म्हातारी खाली बसली. सुनेने तिचा हात धरला.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. कुणाकडे न बघता टेबलापाशी गेली, पिशव्यांमधून आपली शोधून काढली आणि काखेत मारून परत आली. तिच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. पिशव्यांवरची नावं बघताना त्यांची डोकी एकमेकींना आपटली. मग एक तरणी सून, सासूने खुणावलं म्हणून. टेबलावर फटी पडत गेल्या. मातीवाली हाताची घडी घालून उभी होती आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती.

सगळ्यांत शेवटी एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. ती भट्टीवाल्याची आई होती. भट्टीवाला व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"आई? आपली माती दिलीस तू?"

"आपली," ती म्हणाली आणि पिशवी उचलून घेतली. "शेत आहे आपलं. तुला काय वाटलं, सगळी विटेलाच असते?"

ती मागे आली आणि बसायला जागा शोधू लागली. म्हातारीने सरकून तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.

"किती लावलीस?" म्हातारीने हळूच विचारलं.

"दोन मुठी," ती म्हणाली. "तूच शिकवलेलं ना?"